काकू काय म्हणतात

१

दुपारी दोन ते चार मी सिनेमा बघायचे आणि साडेचारला शेजारी जाऊन तो बकुळाकाकूंना सांगायचे. दोन वर्षं हा आमचा नेम होता. माझ्या मते त्यात पुण्यच होतं.

सिनेमे सगळे एकाच जातीचे. एक हिंदी वाहिनी रोज दुपारी लावते, परदेशातले, टीव्हीसाठीच काढलेले, वरून हिंदी बोलणं भरलेले. मोठं घर असतं. घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं, नाहीतर तान्हं बाळ असतं. सांभाळायला एक बाई येते. पहिला अर्धा तास ती इतकी गोड वागते की आपल्यालाच तिचा राग यायला लागतो. मग ती एकटी असताना आरशात बघून हसते, आणि आमचे हे, राजाभाऊ, पेपरमागून म्हणतात, "चला, म्हातारीचं आता काही खरं नाही."

सिविल लाइन्सच्या मागच्या गल्लीत आमची आणि काकूंची घरं एका भिंतीची. काकू म्हणजे कै. गोपाळरावांच्या पत्नी. मुलगा निशांत गुरुग्रामला. दोन वर्षांपूर्वी काकूंना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि अंगाबरोबर हिंदीही गेली. उभा जन्म झाशीत काढलेली बाई, भाजीवाल्याला हिंदीत सरळ करणारी, तिला आता 'पानी' म्हटलेलं कळेना. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, मागाहून शिकलेली भाषा जाते आणि घरातली राहते. तीही अडखळत, दोन-चार शब्दांची. म्हणून काकूंना सांभाळायला जी बाई येई तिला काकूंचं बोलणं समजावायचं काम माझ्याकडे आलं.

आता आजारी माणसाच्या तोंडून वेडंवाकडं निघतंच. पहिल्या बाईला काकू म्हणाल्या, "मेलीच्या हाताला घाण येते." मी त्या बाईला सांगितलं, "अम्मा कह रही हैं, थक गई होगी, बैठ जाओ." झाशीत आपली मराठी घरं उरली किती. त्यातल्या एका घरातली अब्रूदार बाई असं बोलते, हे परक्याला कशाला कळायला हवं? मी गोड करूनच सांगायचे. सवय होऊन गेली होती.

चैत्रात कुसमा आली. एरच गावची, तिशीची, सडसडीत, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. आई आणि सहा वर्षांची मुलगी तिकडे बेतवेकाठी. कामाला चोख, बोलायला कमी. काहीही सांगा, "हओ दीदी."

दर गुरुवारी मी काकूंच्या तळव्यांना तेल लावायचे. दोन वर्षं जमिनीला न टेकलेला तळवा कसा होतो ते मला पाठ होतं. मळून ठेवलेल्या कणकेसारखा. त्या गुरुवारी मी चादर सारली आणि हात थांबला. तळवे धुळीनं राखाडी झाले होते. डाव्या टाचेला ताजी भेग होती आणि भेगेत बारीक खडा.

"कुसमा, अम्मा के पैर पोंछती नहीं क्या?"

"सबेरे पोंछे थे दीदी," ती म्हणाली. बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या पायांकडे बघत होती.

२

सिनेमा सांगायची माझी एक पद्धत होती. तिकडच्या वस्तू काकूंना कशा कळणार? म्हणून मी त्या आपल्या घरातल्या करून सांगायचे. तिकडे शेकोटीची सळई असली तर मी उलथनं म्हणायचे. त्या शुक्रवारच्या सिनेमात नर्सबाई केस कुरळे करायच्या तापल्या चिमट्यानं म्हातारीचा हात भाजते. मी म्हटलं, "इस्त्री हो काकू. आपली कपड्यांची. तापवली आणि दाबली कोपराखाली. म्हातारीला ओरडतासुद्धा येईना, तोंडात बोळा."

कुसमा तिथंच खाली बसून दोडकी चिरत होती. तिला मराठी येत नाही म्हणून मी निर्धास्त बोलायचे.

काकूंचा चेहरा लकव्यानंतर एका बाजूला ओघळला होता. पण सिनेमा ऐकताना डोळे कसे लखलखीत व्हायचे. त्या म्हणाल्या, "केवढा वेळ?"

"काय केवढा वेळ?"

"दाबली."

"वास सुटेपर्यंत," मी म्हटलं. काकूंना गोष्टीत रस वाटतोय याचंच मला अप्रूप. निशांतला फोनवर सांगितलंसुद्धा, आई आता प्रश्न विचारतात बरं का.

"और बाई कशी आहे, मावशी?" निशांतचं मराठी हे असं.

"बरी आहे. पण लक्ष ठेवते हो मी."

"तुम हो तो टेन्शनच नाही."

उठता उठता मी काकूंच्या कानाशी वाकून म्हटलं, "आपल्या बाईवरही लक्ष ठेवा हो. कोणाच्या मनात काय असतं काय सांगावं."

काकूंनी कुसमाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला भाजीन."

कुसमानं विळीवरून मान वर केली. "का कह रईं अम्मा?"

"कह रही हैं, दोडकी अच्छी भूनना," मी सांगितलं.

शनिवारी कुसमानं पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता. मे महिना, अंगाची लाही होतेय, कूलरमधूनही झळा येतायत, आणि ही मनगटापर्यंत झाकलेली. चहाचा कप देताना बाही जरा वर गेली. कोपराखाली एक लाल, ओला, तिकोनी डाग होता. टोकदार. इस्त्रीचं टोक असतं तसा.

"अरे, ये क्या?"

"जर गई दीदी. अपने हाथ से." आणि बाही खाली ओढली.

मी घरी येऊन राजाभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "इस्त्री करताना भाजलं असेल, पमे. सगळ्याच बायका सिनेमातून येत नाहीत."

मलाही ते पटलं. पण मग हेही आलं मनात की हिनं काकूंना भाजायला इस्त्री तापवली असेल, काकूंनी डाव्या हातानं झटकली असेल आणि हिच्याच हातावर उलटली असेल. काकूंचं अंग मी डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. एक ओरखडा नव्हता. मला वाटलं, देवानं वाचवलं.

३

सोमवारच्या सिनेमात बोटं होती. बाई म्हातारीची बोटं खणात धरते आणि खण गुडघ्यानं ढकलते. आमच्याकडे तसले खण कुठे? मी कपाटाचं दार म्हटलं. काकूंच्या खोलीत गोपाळरावांचं लोखंडी कपाट आहे, त्याच्याकडे हात करून दाखवलंही. "हे असं. बिजागरीच्या बाजूला बोटं, आणि दार लोटायचं. तिकडून सुटत नाहीत."

"किती?"

"दोन तुटतात."

मंगळवारी दुपारी सिनेमा अर्ध्यावर आला होता. पडद्यावर किंकाळी झाली, आणि तिच्यामागून दुसरी एक आली, दबलेली, उशिरानं. मी आवाज कमी केला. भिंतीपलीकडे लोखंड आपटलं. एकदा. मग परत एकदा, जास्त सावकाश.

काकूंच्या घरचा टीव्ही दोन वर्षं झाकलेला आहे. हिंदी कळत नाही तर लावायचा कशाला.

मी रिमोट हातात घेऊन बसले होते आणि लाइट गेली. पंखा, कूलर, टीव्ही, सगळं एकदम बंद पडलं. राजाभाऊ आत घोरत होते. भर दुपारची ती शांतता, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडे कोणी चालत होतं.

कुसमा चपला फटफटवत चालते, चटचट. हे पाऊल तसं नव्हतं. एक पाय टेकायचा, दुसरा फरशीवरून खरडत यायचा. टेक, खर्र. टेक, खर्र. कपाटापासून पलंगापर्यंत नऊ वेळा. मग पलंगाच्या फळ्या करकरल्या.

बादली ओढत असेल, मी स्वतःला म्हटलं. एका हातात बादली घेतली की माणूस तसंच चालतं. लाइट आली, कूलर घरघरायला लागला, आणि मला खरंच वाटलं की बादलीच.

साडेचारला गेले तर कुसमाच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना फडकं बांधलेलं, फडक्यातून रक्त आलेलं. त्या हातात एकही बांगडी उरली नव्हती. काकू डोळे मिटून पडल्या होत्या, तोंडाची चांगली बाजू किंचित वर गेलेली.

"ये किसने किया?"

कुसमा काकूंकडे बघून माझ्याकडे आली, मला हाताला धरून अंगणात घेऊन गेली. "दीदी, एक बात पूछें? बुरा तो न मानोगी?"

"पूछ ना."

"तुम अम्मा को रोज का सुनाती हो?"

"किस्सा. सिनेमे का."

"वो सुनाना बंद कर दो दीदी. तुमाए पाँव परत हैं." आणि ती खरंच वाकली. "हम समझत नईं, पर जो दिन तुम हाथ से ऐसे-ऐसे बताती हो, दूसरे दिन..." भाजलेला हात पोटाशी धरून ती उभी राहिली.

माझ्या डोक्यात काय यावं? मला वाटलं, हिला कळतं. हिला मराठी कळतं, आणि त्या सिनेमातल्या बायांच्या गोष्टी हिला झोंबतायत. ज्याच्या मनात पाप त्यालाच असं झोंबणार. मी म्हटलं, "तू अपना काम कर." तिला बाजूला सारलं आणि आत जाऊन काकूंना त्या दिवशीचा सिनेमा सांगितला. वाहिनीवाल्यांनी दोन तास खेचलेला मी पाऊण तासात संपवला, जरा जास्तच रंगवून.

४

त्यानंतर मी डोळे उघडे ठेवले. आता ते सगळं आठवलं की वाटतं, उघडेच होते, बघत मात्र भलतीकडे होते.

बुधवारी इस्त्री जागेवर नव्हती. विळीही नव्हती. मी गच्चीवर काकूंच्या गाद्या उन्हात घालायला म्हणून गेले तर पाण्याच्या टाकीमागे पोत्यात गुंडाळलेली दोन्ही सापडली. सोबत उलथनं, सांडशी, काकूंचा सुपारी फोडायचा अडकित्ता. वरवंटा मात्र नव्हता. तो जड म्हणून तिच्या एका हातानं उचलला गेला नसावा.

गुरुवारी मी जाळीच्या दारातून पाहिलं. कुसमा वरणभातात गोळी कुस्करत होती. एक नाही, दोन. डॉक्टरांनी झोपेची अर्धी सांगितली आहे.

शुक्रवारी दुपारी दीडला मुद्दाम गेले तर काकूंच्या खोलीला बाहेरून कडी. कुसमा ओसरीवर, भिंतीला पाठ लावून, त्या उन्हात. मला बघून दचकली.

"अंदर गर्मी है दीदी."

बाहेर त्रेचाळीस होतं आणि आत कूलर. मी कडी काढून आत गेले. काकूंचा उजवा हात पलंगाच्या गजाला बांधला होता. जुन्या धोतराची चिंधी, दोन पदरी, मनगटापाशी गच्च गाठ.

मी कितीतरी वेळ त्या गाठीकडे बघत राहिले. डावा हात मोकळा होता. जो हलतो तो मोकळा, आणि जो दोन वर्षं लाकडासारखा पडलेला आहे तो बांधलेला. मेलेल्या हाताला कोणी कशाला बांधेल? विचारायचा प्रश्न हाच होता, आणि मी तो विचारलाही. फक्त उत्तर सिनेमातून घेतलं. छळ करणाऱ्याला कारण लागत नाही, असं सिनेमात असतं.

मोबाइलवर फोटो काढले. गाठीचा, कडीचा, टाकीमागच्या पोत्याचा. सगळे निशांतला पाठवले.

५

निशांतचा फोन लगेच आला. मी फोन स्पीकरवर ठेवून कुसमाला समोर उभं केलं.

"ये क्या है, कुसमा? मेरी माँ जानवर है?"

"भैया जी, वो उठती हैं."

"कौन?"

"अम्मा. दोपहर में उठती हैं."

निशांत हसला. चिडलेला माणूस हसतो तसा. "मावशी, आप उधर हो ना. सगळं नीट करून घ्या. एजन्सीको मैं बोलता हूँ, सोमवारी दुसरी येईल. तब तक इसको आप देखो."

मग मी सगळं नीट केलं. विळी-इस्त्री खाली आणून जागच्या जागी ठेवली. गोळ्यांची डबी माझ्याकडे घेतली. कडीला आमच्या घरचं कुलूप आणून ते उघड्या कडीत अडकवलं, म्हणजे लावताच येऊ नये. चिंधी कात्रीनं कापली. काकूंच्या मनगटावर वळ उठला होता, तो मी चोळत बसले.

कुसमा उंबऱ्यात उभी होती. तिनं एकदाही मला अडवलं नाही. फक्त एवढं म्हणाली, "दीदी, आज हमें एरच जान दो. इतवार को आ जैहैं."

"और अम्मा को कौन देखेगा? सोमवार तक रुक."

"हओ दीदी," ती म्हणाली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी त्या पाहून हसल्या. "सांग," म्हणाल्या.

त्या दिवशी धावपळीत मी सिनेमा शेवटाकडूनच पाहिला होता. बाई जिन्यावर असते, हातात दगडी शिल्प, पुस्तकं टेकवायला ठेवतात तसं. ते ती खालून येणाऱ्या मुलीच्या डोक्यात घालते. मी सांगितलं, "वरवंटा हो. आपला वरवंटा. जिन्याच्या चौथ्या पायरीवर दबा धरून बसते. डोक्याच्या मागच्या बाजूला मारलं की आवाजसुद्धा होत नाही म्हणे."

"मग?"

"मग नेहमीचंच. पोलीस येतात, बाईला घेऊन जातात. शेवटी बाईलाच नेतात."

"बाईलाच," काकू म्हणाल्या.

६

शनिवारी राजाभाऊ पेन्शनच्या कामाला गेले होते. मी टीव्ही लावला नाही. का कोण जाणे. खुर्ची भिंतीपाशी ओढून बसले.

सव्वादोनला पाऊल वाजलं. टेक, खर्र. या वेळी ते खोलीतून बाहेर गेलं, स्वयंपाकघराकडे. तिथं दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला. मग जिन्याकडे. पायऱ्या चढताना खरडणं थांबलं होतं. एक, दोन, तीन, चार. आणि शांत.

मग कुसमाची हाक, अंगणाच्या बाजूनं. "अम्मा? अम्मा, काँ हो?" तिच्या चपला आल्या, चटचट, खोलीत गेल्या, परत आल्या, जिन्याशी थांबल्या.

मी ओरडायला हवं होतं. भिंत हातभर अंतरावर. "कुसमा, भाग," एवढेच दोन शब्द. माझं तोंड उघडलं होतं हे मला आठवतं.

नारळ फरशीवर आपटावा तसा आवाज झाला. मग काहीतरी पायऱ्यांवरून खाली येत राहिलं. आणि त्यानंतर पुन्हा तोच आवाज, पण ओला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा.

माझ्याकडे त्यांच्या दाराची किल्ली असते. ती घेऊन मी पळाले खरी, पण जाळीच्या दाराशी पाय थांबले. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार, डोळ्यांना काही धड दिसेना. जिन्याच्या तळाशी कुसमा पालथी. तिच्या केसांखालून काळं काहीतरी फरशीच्या सांधीनं माझ्या दिशेनं येत होतं. आणि तिच्या वर, दुसऱ्या पायरीशी, काकूंच्या गाऊनचा घेर. घेराखाली दोन पाय.

ते उभे नव्हते. फक्त अंगठ्यांची टोकं पायरीला लागली होती. टाचा खाली लोंबत होत्या. दोरीवर वाळत घातलेला परकर वाऱ्यानं जमिनीला टेकावा, तसे ते टेकत होते.

कंबरेच्या वर मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कोण धरून होतं ते कळलं असतं.

किल्ली लागेपर्यंत, दार उघडेपर्यंत, किती वेळ गेला असेल? काकू पलंगावर होत्या. चादर गळ्यापर्यंत, डोळे मिटलेले, श्वास सावकाश. वरवंटा पाट्यावर होता. धुतलेला. त्याच्यावरून पाण्याचे थेंब अजून ओघळत होते.

७

कुसमा मेली नाही. मोठ्या दवाखान्यात बारा टाके घातले, कवटीला चीर, एक डोळा उघडेना. सोमवारी शुद्धीवर आली तेव्हा दारापाशी महिला शिपाई बसवलेली. कारण निशांत येऊन पोचला होता आणि माझे फोटो ठाण्यातल्या दारोगाजींच्या मोबाइलमध्ये होते. हात बांधलेला, औषध जास्त दिलेलं. कुसमा म्हणाली, "अम्मा ने मारा," आणि शिपाईबाईलासुद्धा हसू आलं.

दारोगाजी मंगळवारी अकराला काकूंचं बयान घ्यायला आले. चांगले सभ्य गृहस्थ, पन्नाशीचे. मला म्हणाले, "देखिए बहनजी, बात सीधी है. अम्मा कह दें कि लड़की पैर फिसलने से गिरी, तो वो अपने घर एरच जाए, हमें भी कागज नहीं करना. और अम्मा कहें कि उसने हाथ उठाया, तो फिर जेल है. जो अम्मा कहें, वही आप हिंदी में बताइए. एक शब्द कम-ज्यादा नहीं."

"जी," मी म्हटलं. सगळं ठरवून आले होते. तीन रात्री झोप नव्हती. काकू काहीही म्हणोत, मी सांगणार होते, पैर फिसला. कुसमाची मुलगी सहा वर्षांची आहे.

मी पलंगाच्या कडेला बसले, काकूंच्या उजव्या बाजूला. निशांत पायथ्याशी. दारोगाजींनी काकूंच्या गाऊनखालून दिसणाऱ्या नडग्यांकडे पाहिलं, काटकुळ्या, कातडी लोंबलेली, आणि मान हलवली.

"पूछिए."

"काकू," मी म्हटलं, "शनिवारी काय झालं, हे विचारतायत."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. लकव्यानंतर प्रथमच त्या एक अख्खं वाक्य बोलल्या, न अडखळता. "मी मारलं. वरवंट्यानं. पमीनं सांगितलं तसं."

खोलीत कूलरचा आवाज होता. निशांत भुवया उंचावून माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी येतं, पण हळू बोललं तर. त्यानं ओळखीचा एकच शब्द उचलला असावा. "क्या बोली? मारा?"

"मला नीट ऐकू आलं नाही," मी म्हटलं. मग दारोगाजींकडे वळले. "जी, कह रही हैं कि लड़की का पैर..."

चादरीखाली माझं मनगट कोणीतरी धरलं.

मी काकूंच्या उजव्या बाजूला बसले होते. तिकडे त्यांचा उजवा हात होता, दुसरं काही नव्हतं. तो गार होता. बोटं एकेक करून मिटली, घाई न करता, आणि मग आवळत गेली. माझ्या मनगटात बारीक काहीतरी कुडकन सरकलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"शेवटी बाईलाच नेतात," काकू म्हणाल्या. आवाज इतका मायेचा की निशांत हसला. "नीट सांग, पमे."

"बहनजी? पैर क्या?"

"पैर पकड़ के घसीटा," मी म्हटलं. आवाज माझाच होता. "अम्मा को. पलंग से. मारने को हाथ उठाया. फिर मुझे देखा तो भागी, तो गिरी."

दारोगाजींनी सगळं लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं. काकूंचा डाव्या हाताचा अंगठा घेतला. दुभाषी म्हणून खाली माझी सही. सही मी डाव्या हातानं केली. कोणी विचारलं नाही.

निशांत त्यांना सोडायला ठाण्यापर्यंत गेला. "मावशी, तुम्ही बसा आईजवळ. दस मिनट." फाटक लागलं, जीप सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी वळल्याचं ऐकू आलं.

मनगट अजून सुटलं नव्हतं.

"नवी कधी येणार?" काकूंनी विचारलं.

"उद्या," मी म्हटलं.

"कुठली?"

"ललितपूरकडची आहे म्हणे."

काकूंनी डोळे मिटले. चादरीखालची बोटं सैल झाली आणि दोनदा माझ्या हातावर थोपटली, लेकीला थोपटावं तशी.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "म्हातारी फार गरीब आहे."

बुधवारी ती आली. विजयालक्ष्मी नाव, बावीस-तेवीसची, खांद्याला कापडी पिशवी. घर चुकून आधी आमच्याच दाराशी उभी राहिली. माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाली, "अरे दीदी, बहुत लगी है. वो बगल वाली अम्मा कैसी हैं? तंग तो नहीं करतीं?"

मी तिला आत बोलावून पाणी दिलं. मग फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि सांगितलं.